चे गेव्हारा : सेनापती की तुकडीप्रमुख?

प्रश्न असा आला आहे : क्युबाच्या क्रांतीतला बंडखोर नेता चे गेव्हारा याला 'गनिमी रणनीतीचा थोर सेनापती' म्हटलेलं वाचनात आलं, तर त्यातले शब्द नेमके आहेत का?

आधी 'सेनापती'. क्युबाच्या बंडखोर सैन्यात 'कोमांदांते' हा हुद्दा होता. नेहमीच्या लष्करात तो साधारण मेजरच्या जागी येतो. या सैन्यात त्याच्यावर हुद्दाच नव्हता म्हणून त्याला एवढं वजन आलं. सगळ्या फौजेची सूत्रं मात्र फिदेल कास्त्रोकडे होती आणि चेला १९५७च्या जुलैत हा हुद्दा मिळाला तो एका तुकडीचा प्रमुख म्हणून. आपल्याकडे सेनापती म्हटलं की हंबीरराव मोहिते आठवतात, म्हणजे अष्टप्रधानांतला माणूस. (मुळशी सत्याग्रहामुळे बापटांच्या नावामागे लागलेलं 'सेनापती' हे बिरुद, तिथे हुद्दा मोजायचा नसतो.) तेव्हा 'कमांडर' ठेवा, नाहीतर सरळ 'तुकडीप्रमुख' लिहा.

'रणनीती'बद्दल माझी तक्रार जास्त आहे. हल्ली क्रिकेटपासून नगरपालिकेच्या निवडणुकीपर्यंत जे ते रणनीतीच असतं, आणि 'डावपेच' हा अस्सल कुस्तीच्या हौद्यातला शब्द मागे पडला. समोरचा अंगावर आला की काय करायचं ते डावपेच. लढायचं का, कुठे, कुणाच्या भरवशावर, हे आधी ठरतं ती रणनीती. चेची लष्करी पात्रता जोखायची तर हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात.

डावपेचांत गडी पक्का होता. डिसेंबर १९५८, सांता क्लारा शहर. शहरात क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता याची हजारोंची शिबंदी, आणि तिच्या मदतीला शस्त्रं, दारूगोळा आणि शेकडो सैनिक घेऊन आलेली चिलखती आगगाडी. चेकडे जेमतेम तीनशे-साडेतीनशे माणसं. त्याने विद्यापीठाच्या शेतकी विभागातली अवजड यंत्रं आणून रूळ उखडून ठेवले. २९ तारखेला गाडी मागे हटू लागली आणि डबे घसरले. वरून पेटत्या बाटल्यांचा मारा सुरू झाला, तसे ते पोलादी डबे आतून भट्टीसारखे तापले. काही तासांतच आतले सैनिक शरण आले आणि सगळा साठा बंडखोरांच्या हाती पडला. १ जानेवारीला बातिस्ता देश सोडून पळाला. अर्थात त्याच्या फौजेचा धीर आधीच खचला होता, श्रेय वाटताना तेही धरायला हवं.

रणनीतीचा हिशेब बोलिव्हियात लागतो, जिथे चे पुढे क्रांतीसाठी लढायला गेला. २३ मार्च १९६७ला न्यांकावासूच्या खोऱ्यात दबा धरून केलेला पहिला हल्ला चोख होता, सात सैनिक ठार झाले. पण बोलिव्हियाच्या कम्युनिस्ट पक्षाशी नेतृत्वावरून आधीच फाटलं होतं. १९५३च्या कायद्याने शेतकऱ्यांना जमिनी देण्याचं धोरण तिथे आलेलं, त्यामुळे ते बंदूक उचलायला तयार नव्हते. साथीदार तिथली केचुआ भाषा शिकत होते आणि मुलूख निघाला ग्वारानी बोलणाऱ्यांचा! तिथला एकही शेतकरी त्याच्या तुकडीत आला नाही. एप्रिलमध्ये तुकडीचे दोन भाग झाले, ते पुन्हा भेटलेच नाहीत, आणि ३१ ऑगस्टला मागचा भाग नदी ओलांडताना कापला गेला. ही ताटातूट मला डावपेचांतलीच चूक वाटते, ती रणनीतीच्या खात्यावर टाकू नये. ८ ऑक्टोबरला चे जखमी होऊन पकडला गेला, दुसऱ्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या. त्याआधी, १९६५मध्ये काँगोतली मोहीमही फसली होती. ती अपयशाची कहाणी आहे असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

'गनिमी'ला हरकत नाही. गनीम म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना तसं म्हणत आणि आपण तो शब्द अभिमानाने उचलला.

मी लिहिलं असतं, 'गनिमी डावपेचांत तरबेज तुकडीप्रमुख'. आणि एक किरकोळ सूचना : 'चेचे डावपेच' वाचताना जीभ अडखळते, तिथे 'गेव्हाराचे डावपेच' लिहावं.