५८ चे शिखर कशामुळे?

प्रश्न: वायू अवस्थेत रेणू तुटताना अणूंची फेररचना झाली, हे वस्तुमान वर्णपटावरून (आयनांची वस्तुमाने शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या आलेखावरून) कसे ओळखावे?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर: आपण नेमका प्रश्न विचारला आहे. उदाहरणार्थ, २-पेंटॅनोन या सेंद्रिय संयुगाचे वस्तुमान ८६ असून, त्याचा एकच बंध तुटल्यास ४३ किंवा ७१ चे आयन मिळतात. परंतु वर्णपटात ५८ चे शिखरही दिसते, म्हणजे २८ वस्तुमानाचे इथिलीन बाहेर पडलेले असते. गॅमा कार्बनवरील (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनपासून पुढच्या तिसऱ्या कार्बनवरील) हायड्रोजन सहा अणूंच्या कड्यातून ऑक्सिजनकडे जातो; हीच मॅकलॅफर्टी फेररचना. नुसत्या शिखरावर मात्र विसंबू नये. गॅमा कार्बनवरील तिन्ही हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम (२ वस्तुमानाचा जड हायड्रोजन) घातल्यास हे शिखर ५९ वर सरकते, आणि माझ्या मते खरा पुरावा तोच. उपकरणातील दाब अत्यल्प असल्याने आयनाची इतर रेणूंशी टक्कर क्वचितच होते, म्हणून ही फेररचना त्या एकट्या आयनाचीच मानता येते.