गाळा विकू नकोस, भाड्याने दे

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधला गाळा विकून पूर्णवेळ लेखन-दिग्दर्शन करायचं म्हणतोयस. लगेच विकू नकोस रे, भाड्याने दे. मी माझा खोके बनवायचा धंदा एका झटक्यात बंद केला आणि ८ महिन्यांत घराचा हप्ता बायकोच्या पगारावर आला.

लिहायला मात्र आजच बस. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणून आधी १० पानांचीच गोष्ट घे. तीही धंद्यातली. उधारी वसूल करायला गेलेला माणूस दारात चपला काढतो, पाणी पितो, मुलीच्या दहावीची चौकशी करतो आणि पैशांचा विषय निघतो तो परत चपला घालताना! तू हे किती वेळा केलं असशील.

मोबाइलवर शूट कर, चालतं. पण कॉलर माइक घेच. माझी पहिली शॉर्टफिल्म तलावपाळीवरच्या हॉर्नमध्ये बुडाली. डबिंगला शूटिंगपेक्षा जास्त पैसे गेले.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. स्क्रिप्ट कुणाला दाखवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदव, ऑनलाइन होतं. एका निर्मात्याने माझी गोष्ट नुसती ‘ऐकली’ होती. असो.

हिशेब, मजुरी, मालाची ने-आण तुला येते. तेव्हा आधी कुणाच्या तरी शूटिंग युनिटमध्ये प्रॉडक्शन, म्हणजे शूटिंगची सगळी व्यवस्था, सांभाळ. शिफ्ट सकाळी ७ ची असली आणि घोडबंदर रोडने जायचं असलं, तर ५ लाच निघ.