गाण्यांवरच्या चित्रप्रदर्शनात पाच गाणी एकाच हॉलमध्ये वाजवता येतील का?

तुमचं वर्णन असं: गिरगावात 20 बाय 40 फुटांचा हॉल, जुन्या फिल्मी गाण्यांवरून सुचलेल्या सहा कलाकृती, त्यातल्या पाचांना आपापलं गाणं, भिंतीवर जुनी पोस्टरं आणि रेकॉर्डची कव्हरं, महिना जुलै.

जमेल, पण पाचही गाणी उघड्यावर वाजवून नाही. एवढ्या जागेत स्पीकर एकच, बाकी चारांना हेडफोन. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये तसं होत नाही. प्लास्टर, लादी आणि काच आवाज परत फेकतात, त्यामुळे दोन-तीन मीटरच्या पुढे तो सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. मग दोन गाण्यांचे ठेके एकमेकांत घुसतात, प्रत्येक कलाकार हळूच आपलं बटण वर सरकवतो आणि संध्याकाळपर्यंत लालबागची विसर्जन मिरवणूक सुरू होते.

तो एक स्पीकर छतावरून खाली तोंड करून, साडेसात फुटांवर टांगा. बरोबर खाली 6 बाय 6 फुटांचा जाड गालिचा हवाच. गालिचा नसेल तर लादीवरून आवाज उसळतो आणि वर टांगण्याचा काही फायदा उरत नाही. 150 हर्ट्झच्या खालचा बेस कापून टाका. भिंतीपलीकडे जातो तो बेसच, आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो तसाही फारसा नसतो. पातळी एक मीटरवर 60 ते 65 डेसिबल, तीही हॉलमध्ये माणसं असताना लावा. रिकाम्या हॉलमध्ये लावलेली पातळी गर्दीत कमी पडते, कारण माणसं आवाज शोषतात. स्पीकरसमोरच्या भिंतीवर दोन इंची ग्लासवूलचे (काचतंतूंच्या लोकरीचे) कापडात मढवलेले पॅनल किंवा भरपूर चुण्यांचा जाड मखमली पडदा, भिंतीपासून चार इंच सोडून. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही. शंभर मीटरच्या आत शाळा, रुग्णालय किंवा न्यायालय असेल आणि सरकारने तो परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर दिवसाची मर्यादा 50 डेसिबल.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथचे दुपारी चार्जिंग संपून गप्प होतात किंवा शेजारच्या कलाकृतीशी जोडले जातात. गाणं मोबाइलवरून वाजवू नका, मधेच फोन येतो. वीज गेली-आली तरी आपोआप सुरू होणारा पेन-ड्राइव्हवरचा साधा प्लेअर पुरतो. फाइल मात्र वेव्ह (.wav) हवी. एमपी3 पुन्हा पुन्हा फिरवली तर जोडावर क्षणभराची शांतता येते आणि ठेका तुटतो.

खरं तर पाचही कामांना आवाज हवाच का, हे कलाकारांना एकदा विचारा. चित्रकार अतुल दोडियांचं 1994 चं चित्र ‘द बॉम्बे बकनीअर’ फिल्मी पोस्टरवर उभं आहे, पुष्पमाला एन. यांची ‘फँटम लेडी’ ही 1996-98 ची छायाचित्रमाला मुंबईत टिपलेली आणि जुन्या स्टंटपटांची नायिका फिअरलेस नादिया हिच्या छायेत वाढलेली. दोन्ही मुकी आहेत. ख्रिश्चन मार्कले या कलाकाराने रेकॉर्डची कव्हरं एकमेकांना शिवून माणसांची शरीरं केली, त्यातही काही वाजत नाही. माझं मत विचाराल तर दोन गाणी गाळा.

परवान्यात लोक इथे फसतात: ‘गाणं जुनं आहे’ एवढं पुरत नाही. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणजे 1960 च्या रेकॉर्डचा 2020 अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. म्हणून दोन परवानग्या वेगळ्या तपासा: शब्द-चालीसाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था), रेकॉर्डिंगसाठी ती कंपनी किंवा तिच्या वतीने परवाना देणारी संस्था. कोणती कंपनी कोणत्या संस्थेकडे आहे हे पैसे भरण्याआधी यादीत बघा. पोस्टरची मूळ प्रत विकत घेतली म्हणून ती कॅटलॉगवर छापायचा हक्क मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो.

जुलै ही तुमची दुसरी डोकेदुखी. 30 बाय 40 इंचाचं जुनं पोस्टर बहुतेक वेळा घड्या पडलेलं असतं आणि ओल आली की त्या घड्यांवरच फाटतं. काच कागदाला टेकू देऊ नका, मधे 3 ते 5 मिलिमीटरची पट्टी घाला, नाहीतर शाई काचेला चिकटते. लॅमिनेशन आणि स्प्रेचा गोंद दोन्ही नकोत. पोस्टर चिकटवायला जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा, त्या पुढे ओल देऊन निघतात. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला फ्रेम टेकवायचीच असेल तर मागे इंचभर जाडीचे लाकडी गुटके लावा. एसी रात्री बंद, सकाळी चालू असं केलं की कागद रोज फुगतो आणि आकसतो. त्यापेक्षा हवेतली ओल काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, दिवसरात्र चालू ठेवा. प्रकाश 50 लक्सपर्यंत (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक). एलपीची कव्हरं पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून अ‍ॅक्रिलिकच्या बारीक कठड्यावर उभी करा. पीव्हीसीचं पाकीट कालांतराने शाई ओढतं.

पोस्टरं आणि रेकॉर्ड चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मिळतील, शुक्रवार सोडून जा. भिंग खिशात ठेवा: ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, हल्लीच्या इंकजेट प्रतीत ठिपके विखुरलेले असतात. ‘ओरिजिनल आहे साहेब’ हे दोन्हींना लागू असतं.

कर्ण्याचा ग्रामोफोन मांडणार असाल तर त्यावर 78 आरपीएमच्याच (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड लावा. एलपी एकदा लावली की तिची खाच कायमची खरवडली जाते. स्टीलची सुई रेकॉर्डच्या एका बाजूला एक; एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. दिवसाला दहा वेळा वाजवायची तर दहा सुया, आणि वापरलेल्यांसाठी शेजारी झाकणाची डबी.