आई करताना

नाटकात ही आई करताना पहिलं म्हणजे, पोराची फी भरायचा प्रसंग आहे त्या प्रवेशात रडू नकोस. चार घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला त्या क्षणी रडायला सवड नसते, तिच्या डोक्यात हिशोब चालू असतो. भाडं, गॅस, पोराच्या वह्या. संहितेत आकडे नसले तर तू ठरव आणि तिचा महिन्याचा खर्च खरंच कागदावर मांड. मग 'बघू पुढच्या महिन्यात' हे साधं वाक्य जड करायला वेगळं काही करावं लागत नाही.

तालमीला पहिल्या दिवसापासून साडी नेसून ये, पदर खोचून. कमरेवर हात ठेवून कण्हणं सोड, ते फार पाहून झालंय. लाटणाऱ्या बाईचं दुखणं खांद्यात आणि मनगटात असतं. रात्री मंडईत जाऊन भाजीवाल्यांची आवराआवर बघ. वाकतात, पाट्या उचलतात, पण बोलणं थांबत नाही. (टक लावून उभी राहू नकोस, भाजी घे!)

दमलेली म्हणून पुटपुटायचं नाही. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेलाही वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू गेला पाहिजे. थकवा वाक्याआधीच्या थांब्यात ठेव.

मुलावर ओरडलीस की माफीचा चेहरा नको. त्याच्या ताटात पोळी वाढ आणि कामाला लाग.

रंगभूषेत डोळ्यांखाली काळं नको. ठिगळाची साडीही नको. कामाला जाताना या बायका नीटनेटक्या असतात, वेणी घट्ट घातलेली असते.