कोल्हापुरी परदेशात विकायची आहे? आधी हे कर

तुझ्या चपलांचं काम सुरेख आहे, बाहेर नक्की खपेल. पण एकदम दहा देशांत जाहिराती लावू नकोस. आधी एकच देश धर.

सगळ्यात जास्त मेहनत मापांवर घे. आपला आठ नंबर आणि अमेरिकेचा आठ नंबर वेगळा. कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये कसं मोजायचं, त्याचा छोटा व्हिडिओ प्रत्येक चपलेखाली टाक. चामडं वापरून सैल पडतं, हेही स्पष्ट लिही. माप चुकून परत आलेल्या एका जोडीच्या कुरिअरमध्ये दोन-तीन जोड्यांचा नफा जातो, म्हणून एवढं सांगतोय.

अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातशुल्काची माफी ऑगस्ट 2025 मध्ये बंद झाली. त्यामुळे शुल्क कोण भरणार हे किमतीशेजारीच लिही. दारात अचानक पैसे मागितले की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं. युरोपात व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, वेगळा लागतो.

आयईसी क्रमांक, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, ऑनलाइन मिळतो, तो आधी काढ. जीएसटी न भरता माल बाहेर पाठवता यावा म्हणून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भर. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण ते चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती कर, फार मोलाची आहे.

जाहिरातीचा पैसा हंगाम बघून घाल: युरोपसाठी एप्रिल-मे, ऑस्ट्रेलियासाठी नोव्हेंबर. आणि मॉडेलच्या फोटोंपेक्षा चामड्याची वेणी घालणाऱ्या कारागिराचे हात दाखव, त्यांची परवानगी घेऊन.

किंमत ठरवलीस की मला दाखव, हिशेब एकत्र बघू.