वाचकांचे प्रश्न : शोकेसमधली इंग्लिश चिनीमाती

कॅम्पातली आणि खडकीतली जुनी घरं मोकळी होऊ लागली की शोकेसमधल्या इंग्लिश पुतळ्या, कुत्र्यांच्या जोड्या, फुलदाण्या बाहेर येतात. काही नातेवाइकांकडे जातात, काही बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात दिसतात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं याच विषयावरची आहेत.

आजेसासूबाईंच्या कपाटात फुगे विकणाऱ्या म्हातारीची पुतळी सापडली. तळाला मुकुटावर उभा सिंह, ‘रॉयल डाल्टन’ आणि ‘एचएन १३१५’ असं आहे. इंटरनेटवर या नंबरापुढे १९२९ साल दिसतं. म्हणजे पुतळी १९२९ची का? – वाचक, कोथरूड

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. एचएन क्रमांक मॉडेलचा असतो, नगाचा नसतो. डाल्टन कंपनीच्या इंग्लंडमधल्या बर्स्लेम इथल्या कारखान्याने ही क्रमांकांची मालिका १९१३मध्ये सुरू केली. एचएन ही अक्षरं तिथल्या रंगविभागाचे प्रमुख हॅरी निक्सन यांच्या नावातली. १३१५ हे लेस्ली हॅराडाइन यांचं मॉडेल १९२९मध्ये आलं आणि १९९८पर्यंत बनत राहिलं. त्यामुळे तुमची पुतळी या जवळजवळ सत्तर वर्षांतली कुठलीही असू शकते.

नेमकं साल हवं असेल तर भिंग घेऊन मुकुटाच्या उजव्या अंगाला पाहा. तिथे एखादा बारीक सुटा आकडा दिसला तर त्यात १९२७ मिळवा. ९ असेल तर १९३६, २१ असेल तर १९४८. ही पद्धत १९२८पासून काही दशकं चालली, नंतरच्या नगांवर हा आकडा सापडत नाही. तळावर ‘कॉपीराइट’ शब्दापुढे साल छापलेलं असेल तर ते डिझाइन नोंदवल्याचं. विक्रेते तेच साल पुतळीचं वय म्हणून सांगतात. शिक्क्यावरून आडवा ओरखडा मारलेला असेल किंवा शिक्क्यात बारीक भोक पाडलेलं असेल, तर कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवलेला आहे.

किमतीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. हे मॉडेल अमाप बनलं, त्यामुळे ते दुर्मिळ नाही. फुगे शाबूत आहेत का, हे मात्र आधी पाहा. पडल्यावर पहिला टवका तिथेच उडतो आणि जोडकामही तिथेच लपवलेलं असतं.

जुन्या बाजारात पांढऱ्या-सोनेरी कुत्र्यांची जोडी घेतली. विकणारा ‘व्हिक्टोरियन स्टॅफर्डशर’ म्हणाला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यातली. तळाला शिक्का नाही. फसलो का? – वाचक, रास्ता पेठ

शिक्का नाही म्हणून घाबरू नका. एकोणिसाव्या शतकातल्या या कुत्र्यांवर बहुधा शिक्का नसायचाच. उलट खालती ‘स्टॅफर्डशर’ असं ठसठशीत छापलेलं असेल, तर तिथेच शंका घ्यायला हवी. छाप कोणालाही मारता येतो, माती आणि साचा मात्र खोटं सांगत नाहीत.

आधी भोक बघा. जुने कुत्रे मातीची पोळी साच्यात दाबून घडवत. भट्टीत आतली हवा फुटून बाहेर येऊ नये म्हणून एक लहानसं छिद्र ठेवत, काडीच्या जाडीचं. नंतरचे नग पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून, उरलेली परत काढून घेऊन केलेले. त्या ओतण्यासाठी तळाला मोठं भोक लागतं, बोट जाईल एवढं. शिवाय ओतीव नगाचं अंग सगळीकडे सारखं पातळ असतं, म्हणून तो हातात आकाराच्या मानाने हलका लागतो.

मग ग्लेझवरचं, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावरचं, बारीक तड्यांचं जाळं बघा. खरं जाळं कुठे दाट, कुठे विरळ असतं आणि मळ जिथे हात लागतो किंवा पाणी मुरतं तिथे जास्त असतो. मुद्दाम पाडून रंगवलेलं जाळं अंगभर एकसारखं, चहाच्या डागासारखं तपकिरी असतं. तळाची झीजही तपासा. दीडशे वर्षं फडताळावर सरकवलेल्या वस्तूचे ओरखडे वाटेल त्या दिशेने जातात. सगळे एकाच दिशेला असतील तर तो पॉलिशपेपर.

सोनेरी रंगावरूनही कळतं. जुनं सोनं मऊ, किंचित पिवळट आणि घासटलेलं दिसतं. कुत्र्याच्या गळ्यातल्या साखळीवर आणि कुलपावर आरशासारखं लखलखतं सोनं असेल, तर ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे रुळलेलं ‘ब्राइट गोल्ड’. जोडी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी हवी. दोघंही एकाच बाजूला मान वळवून बसले असतील तर दोन वेगळ्या जोड्यांतले अर्धे तुमच्याकडे आले आहेत. पुढचे पाय अंगापासून सुटे असतील तर आनंद माना, त्यात जास्त मेहनत असते.

आईच्या पुतळीचा हात मनगटात तुटला होता. भावाने फेव्हिक्विकने जोडला, तो वाकडा बसला. आता काय करू? – वाचक, सदाशिव पेठ

ओढू नका. तो गोंद काही सेकंदांत घट्ट होतो, हात सरळ करायला वेळच देत नाही. म्हणूनच बहुतेक वाकडे सांधे त्याचे असतात. पुढे दमट हवेत तो कमकुवत होतो आणि सांधा पुन्हा सुटतो. ॲराल्डाइटची वेगळी गंमत : पकड उत्तम, पण काही वर्षांत पिवळी रेघ उमटते आणि सोडवणं फार कठीण.

फेव्हिक्विक ॲसिटोनने सुटतं. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात तेल-सुगंध असतो. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवाजवळची निरांजनं बंद. कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून सांध्याभोवती गुंडाळा, वरून ॲल्युमिनियमचा कागद लपेटा, म्हणजे ते लगेच उडणार नाही. दर तासाभराने कापूस पुन्हा ओला करा. तीन-चार तास लागतील, कधी रात्रभर. हात आपोआप हलू लागला की काढा. एक इशारा : भट्टीत भाजलेला रंग ॲसिटोनने जात नाही, पण आधी कोणी दुरुस्तीवर वरून रंग लावला असेल तर तो निघून येईल. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, खरा प्रकार कळला.

कडा मऊ नायलॉन ब्रशने साबणपाण्यात धुवा आणि निदान दोन दिवस वाळू द्या. ओल राहिली तर नवा गोंद धरत नाही. मग गोंद न लावता हात बसवून पाहा. नखाला पायरी लागत असेल तर जुन्या गोंदाचा कण राहिला आहे.

जोडायला पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ वापरा. संग्रहालयांतले संवर्धक तेच वापरतात, कारण ते पिवळं पडत नाही आणि पुन्हा ॲसिटोनने सोडवता येतं. एका कडेला पातळ थर पुरे. बाहेर ओघळलं तर चूक प्रमाणाची आहे. पुतळी तांदळाच्या परातीत अशी रोवा की हाताचं वजन सरळ सांध्यावर खाली पडेल, बाजूला ओढणार नाही. नुसती टेप लावून उभी ठेवली तर रात्रीतून हात मिलिमीटरभर घसरतो आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस हलवू नका.

रेघ दिसेल. दिसू द्या. तिच्यावर रंग मारला की दुरुस्तीचा माणूस तो शेजारच्या चांगल्या ग्लेझवरही पसरवतो आणि तो भाग दहा वर्षांत पिवळा पडतो. विकत घेताना असा रंग पकडायचा असेल तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात फिरवा, रंगवलेला भाग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळा उजळतो. स्वस्त ३९५वाल्या टॉर्चमध्ये जांभळा उजेडच इतका पडतो की फरक दिसत नाही. मान, बोटं, टोपीची कड आणि टोपलीची मूठ या चार जागा कधी चुकवू नका.

बोन चायनात खरंच हाडं असतात का? घरात विचारतात. – वाचक, कर्वेनगर

हो. साधारण निम्मा भाग गुरांच्या भाजलेल्या हाडांची राख, उरलेल्यात कॉर्निश स्टोन हा दगड आणि चायना क्ले ही पांढरी माती जवळपास सारख्या वाट्याने. हे मिश्रण अठराव्या शतकाच्या शेवटी जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात पक्कं झालं. अंगठा मागे धरून उजेडात पाहिलं की सावली दिसते ती त्याचमुळे. ज्यांना हे घरात नको असेल त्यांनी अर्दनवेअर, म्हणजे साध्या भाजलेल्या मातीची वस्तू, घ्यावी, त्यात हाडांची राख नसते. उजेड त्यातून जात नाही.

मूरक्रॉफ्टच्या फुलदाणीवरची नक्षी बोटाला उंच लागते. खरी का? आणि तिच्यात निशिगंध ठेवला तर चालेल? – वाचक, प्रभात रोड

उंच लागायलाच हवी. मेंदीच्या कोनासारख्या पिशवीतून पातळ मातीची रेघ ओढून आधी आकृतीच्या कडा काढतात, मग त्या बांधांमध्ये रंग भरतात. छापील नकलेत रेघ सपाट असते. विल्यम मूरक्रॉफ्ट १८९७पासून मॅकिन्टायर या चिनीमातीच्या कंपनीत होते, १९१३मध्ये त्यांनी कोब्रिजला स्वतःचा कारखाना काढला आणि १९४५मध्ये तो मुलगा वॉल्टर यांच्याकडे आला. त्यामुळे तळावरची सही कोणाची आहे हे नीट वाचा.

निशिगंध ठेवा, पण आत काचेचा ग्लास ठेवून त्यात पाणी घाला. ग्लेझला जाळं पडलेलं असेल तर पाणी अंगात मुरतं आणि तळाखालच्या लाकडावर पांढरं वर्तुळ उठतं.

जहाजाच्या सोनेरी नांगराचा शिक्का असलेली पुतळी चेल्सीची असते ना? – वाचक, बोट क्लब रोड

बहुतेक वेळा नसते. लंडनच्या चेल्सीतला कारखाना अठराव्या शतकाच्या मध्याला चालला, सोनेरी नांगर सुमारे १७५६ ते १७६९ या काळातला. पण तो अगदी बारीक, पाच-सहा मिलिमीटरच्या आत, आणि अनेकदा तळाखाली नसून मागच्या बाजूला पायथ्याशी दडलेला. ठळक, मोठा नांगर म्हणजे युरोपातली नंतरची नक्कल, त्यात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याचं काम पुष्कळ. टवका उडालेला असेल तर तिथे भिंग लावा. चेल्सीची मऊ माती साखरेसारखी रवाळ तुटते, सॅमसनची कठीण पोर्सेलिन काचेसारखी गुळगुळीत.

धुवायचं कशाने? – वाचक, पाषाण

पितांबरी, चिंच, लिंबू यांपैकी काहीही नाही. सोन्याचा थर कागदाहून पातळ असतो, तो घासला की गेला. प्लास्टिकचं टब, तळाला टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने, नाहीतर पांढरे ठिपके राहतात. पोकळ पुतळीच्या छिद्राला आधी मेण लावा. आत पाणी गेलं तर आठवडाभर ठिबकतं. जाळं पडलेलं अर्दनवेअर बुडवू नका, ओल्या कापडाने पुसा. क्लोरीनच्या ब्लीचला हात लावू नका : त्याचे क्षार ग्लेझखाली साठतात आणि ग्लेझ पापुद्र्यासारखं सुटतं.

यातलं काही कॅनडात मुलीकडे पाठवता येईल का? – वाचक, औंध

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून १८६०च्या कुत्र्यांचा विषय सोडा. १९३६ची पुतळी शंभरच्या आत आहे, पण ते कस्टम्सच्या अधिकाऱ्याला पाहून कसं कळणार? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, त्यासाठी तळाच्या शिक्क्यासह सर्व बाजूंचे फोटो काढून ठेवा.

बांधताना आधी पांढरा टिश्यू, मग बबलरॅप. वर्तमानपत्राची शाई ग्लेझच्या जाळ्यात शिरते. हात आणि अंग यांमधल्या पोकळीत टिश्यू हलका भरा, कोंबू नका, कोंबल्यानेच बोटं तुटतात. पहिला डबा दुसऱ्या डब्यात, सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर भराव. पुतळी आडवी ठेवा. शेवटी डबा कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा.