जाती, प्रजाती आणि खेचराचा घोळ

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. सातवीच्या वर्गात त्यांनी एका जुन्या पुस्तकातून वाचून दाखवलं, "घोडा आणि गाढव हे एकाच प्रजातीचे प्राणी आहेत." मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "मॅडम, एकाच प्रजातीचे हायेत, तर खेचराले पिल्लं काऊन नाही होत?" प्रजाती वेगळ्या असल्या की संकराची संतती बहुधा वांझ निघते, हे त्यानं पेपरात वाचलं होतं. बाईंचा प्रश्न असा, की चुकलं कोण, पुस्तक की पेपर? आणि 'जाती' अन् 'प्रजाती' यांत फरक काय?

पुस्तक चुकलेलं नाही, आणि पोराची शंकाही रास्त आहे. दोघांची 'प्रजाती' वेगळी आहे, इतकंच.

मराठी विश्वकोशात आणि जुन्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत 'जाती' म्हणजे स्पीशीज. जवळच्या जातींचा मिळून जो गट होतो, ज्याला शास्त्रज्ञ जीनस म्हणतात, तो 'प्रजाती' किंवा 'वंश'. या हिशेबानं घोडा आणि गाढव या इक्वस प्रजातीतल्या दोन जाती. हिंदी पेपरांत मात्र स्पीशीजलाच 'प्रजाति' म्हणतात. आमच्याकडे निम्म्या घरांत चहाबरोबर हिंदी पेपरच येतो, तेव्हा 'दुर्मीळ प्रजातीचा पक्षी' मराठीत शिरायला कितीसा वेळ लागणार?

पण सगळा दोष हिंदीवर ढकलणं बरं नाही. 'जाती' शब्द मराठी माणसानं स्वतःच सोडला, असं मला वाटतं. एक तर 'जात' म्हटलं की डोळ्यांपुढे दाखला उभा राहतो. दुसरं, गोठ्यात तो शब्द आधीच कामाला लागलेला आहे. हिंगण्याकडे एका गवळ्याच्या गोठ्यात मी म्हशीची जात विचारली होती. त्यानं उत्तर देण्याआधी म्हशीचं तोंड धरून वळवलं आणि शिंगावरून हात फिरवला. लांब, चपटं, तलवारीसारखं शिंग मानेला लागून थेट खांद्यामागे गेलेलं. "हे पाहा, नागपुरी हाय. इकडं एलिचपुरीबी म्हणतात." मुऱ्हा, जाफराबादी, नागपुरी या 'जाती' म्हणजे ब्रीड. शास्त्राच्या लेखी सगळ्या म्हशी एकाच जातीच्या. मग लिहिणारा गोंधळतो आणि 'प्र' लावून मोकळा होतो.

हा 'प्र' गमतीचा आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत "प्रजा च, प्रजनश्च, प्रजातिश्च" अशी ओळ येते आणि 'प्रजाति'चा अर्थ शंकराचार्य 'पौत्रोत्पत्ति' असा देतात, म्हणजे पोराचं लग्न लावून नातवंडाची सोय करणं. तिथे वर्गीकरणाचा संबंध नाही. तिकडे लॅटिनमध्येही मजाच. 'जीनस' हा आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ, म्हणजे 'जाती'च्या अगदी जवळचा. 'स्पीशीज' मात्र पाहण्याच्या धातूवरून आलेला, त्याचा मूळ अर्थ रूप, दिसणं. तेव्हा व्युत्पत्तीवर भांडायचं तर आपली जोडीच उलटी लागलेली निघेल. परिभाषा व्युत्पत्तीनं ठरत नाही, ठरवून घ्यावी लागते.

आता त्या पोराचं उत्तर. घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, गाढवाच्या 62. घोडीकडून 32 आणि गाढवाकडून 31 मिळून खेचराची 63 होतात. अंग वाढवायला ती पुरतात, कारण साध्या पेशीविभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपापली नक्कल काढतं, जोडीदार लागत नाही. म्हणून खेचर ओझ्याला दणकट. बीजपेशी, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी, तयार होताना मात्र आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांना जोडीनं बसावं लागतं, आणि तिथे जोड्याच नीट जुळत नाहीत.

पण 'संख्या वेगळी म्हणून वांझ' असं फळ्यावर लिहू नका. मंगोलियाच्या प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं 66. आपल्या घोड्याशी त्याचा संकर झाला की 65 होतात, तरी त्या शिंगराला पुढे पिल्लं होतात. तिथे एका घोड्यातलं एक गुणसूत्र दुसऱ्यात दोन तुकड्यांत आहे, एवढाच मुख्य फरक, त्यामुळे तिघं मिळून जोडी जमवतात. उलट वाघ आणि सिंह दोघांचीही 38, तरी त्यांच्या संकरातले नर वांझ.

सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच जंगलातलं आहे. पेंचला, ताडोबाला कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर असतं. त्याच्या मादीत गुणसूत्रं फक्त 6, नरात 7. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची सापडलेली नाहीत. हे 1970 साली उजेडात आलं. चीन आणि तैवानमधलं रीव्हजचं भेकर दिसायला याचाच धाकटा भाऊ, त्याची 46. मालमसाला फारसा कमी झालेला नाही. छोटी गुणसूत्रं टोकाला टोक जोडत मोठी होत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या भेकराची गुणसूत्रं लांबलचक, जाडजूड दिसतात, मोजायला एका हाताची बोटं जरा कमी पडतात तेवढीच. मराठीत दोन्ही भेकरंच. वंश एक, जाती दोन.

बाईंनी वापरायचं काय? मी स्वतः 'प्रजाती' सोडून दिला आहे. शब्द वाईट नाही, पण वाचणारा त्याचा कोणता अर्थ घेईल याचा भरवसा राहिला नाही. स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'वंश' म्हणतो. 'वंश'लाही एक खोच आहे. कायद्यातला 'गोवंश' म्हणजे गाय, बैल, वळू एवढेच, आणि प्राणिशास्त्रातल्या बॉस वंशात जंगलातला गवाही येतो. म्हैस दोन्हीकडे बाहेर. ब्रीडला गवळ्याचा 'जात' ठेवावा.

तेव्हा पुस्तकातल्या त्या ओळीवर पेन्सिलीनं लिहा: "घोडा आणि गाढव एकाच वंशातल्या दोन जाती." आणि मागच्या बाकावरच्याला सांगा, की खेचराला संस्कृतात 'अश्वतर' म्हणतात. हा 'तर' 'उच्चतर'मधल्यासारखा चढता नाही. पाणिनीनं 'तनुत्व' दाखवायला तो अश्व शब्दाला लावायला सांगितला आहे. अश्वतर म्हणजे घोडेपण जरा पातळ झालेला.